नववं माप

आमच्या गावात जमिनीखाली खाण आहे आणि जमिनीवर मोठं दुकान आहे. एवढं सांगितलं की गावाबद्दल बहुतेक सांगून होतं. मध्ये माणसंही राहतात, पण त्यांचा सगळा वेळ या दोन ठिकाणी जाण्यायेण्यात जातो.

मोठ्या दुकानाला यंदा शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त दुकानाचा इतिहास छापायचं ठरलं आणि गावात इतिहास शिकवणारा मी एकटाच असल्यामुळे लेखकाच्या निवडीला वेळ लागला नाही. धाकट्या मालकांनी मला बोलावून घेतलं. धाकटे मालक बासष्ट वर्षांचे आहेत. आजोबा 'मोठे मालक' होते, वडील नुसते 'मालक' होते, तेव्हा यांच्या वाट्याला 'धाकटे' उरलं आणि आता ते जन्मभर पुरणार.

"सर, इतिहास असा हवा की वाचून माणसाला काहीतरी विकत घ्यावंसं वाटलं पाहिजे," ते म्हणाले.

"प्रयत्न करतो."

"आणि कडू गोष्टी नकोत."

"शंभर वर्षांत एखादी निघेल."

"निघाली तर गोड करून घ्या. तुम्ही भाषेवाली माणसं. आमचे जावईबापू आहेतच मदतीला."

जावईबापू शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते मोठ्या शहरात जाहिरातीचं शिक्षण घेऊन आले आहेत आणि गावात आल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत 'कहाणी' दिसते. त्यांनी मला एक मोठी दोरीबंद फाईल दिली, तळघराच्या कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, "पणजेसासऱ्यांच्या खेचरापासून सुरुवात करा. खेचर लोकांना आवडतं."

तर खेचर. मोठे मालक आले तेव्हा इथे गाव नव्हतं. जमिनीत एक भोक होतं आणि भोकाभोवती चाळीसएक तंबू. ते दोर, कंदील, बूट आणि साबण घेऊन आले. सगळ्यात जुन्या पत्रकात त्यांच्याबरोबर चार खेचरं आहेत. पन्नास वर्षांच्या समारंभात ती दोन झाली. जावईबापूंच्या टिपणात एकच उरलं आहे, तेही लंगडतं. पुढच्या शतकात मोठे मालक पाठीवर खेचर घेऊन आलेले असतील.

तंबूचं लाकडी दुकान झालं आणि विसाव्या वर्षी तीन मजली दगडी इमारत. तळमजल्यावर किराणा, कंदील, हत्यारं. पहिल्या मजल्यावर कापड आणि शिवणखातं. दुसऱ्यावर टोप्या, चिनीमातीची भांडी, आरसे, खेळणी. आणि मधोमध पितळी जाळीची लिफ्ट. लिफ्ट म्हणजे काय हे आमच्या गावाला शिकवावं लागलं नाही. पाचशे माणसं रोज सकाळी एका लिफ्टमध्ये बसून खाली जात होती. फक्त वर जाणारी त्यांनी पाहिली नव्हती. उद्घाटनाच्या दिवशीचं वर्णन फाईलमध्ये आहे: खाणकामगार बायकापोरांसह लिफ्टमध्ये चढले, दार लागताच सवयीनं टोप्या ओढून, माना खाली घालून, गप्प उभे राहिले आणि टोप्यांच्या मजल्यावर दार उघडल्यावर बराच वेळ कुणी बाहेरच आलं नाही. वर्णन लिहिणाऱ्यानं याला 'भारावून जाणे' म्हटलं आहे.

इथपर्यंत माझी वीस पानं झाली आणि ती माझी मलाही वाचाविशी वाटत होती. मग शिवणखातं आलं.

खाणीत नवा माणूस लागला की पहिल्याच दिवशी त्याला पितळी बिल्ला देत, बिल्ल्यावर नंबर, आणि कामाचे कपडे शिवायला दुकानाच्या पहिल्या मजल्यावर पाठवत. तिथे मास्तर त्याची मापं घ्यायचे. गळा, खांदा, छाती, बाही, शर्टाची उंची, कंबर, बैठक, पँटची लांबी. ही झाली आठ. आठ मापांत अंगभर कपडा शिवून होतो, कुठल्याही शिंप्याला विचारा. पण मोठ्या दुकानात नववं माप घेत. टाळूपासून टाचेपर्यंत. टेप साठ इंचांची असते, माणूस सहसा तिच्यापेक्षा मोठा असतो, म्हणून साठावर खडूची खूण करायची आणि उरलेलं खाली मोजायचं. मग हे नववं माप बिल्ल्याच्या नंबरासमोर वेगळ्या वहीत लिहायचं. ती वही तळघरात जायची. तळघरात 'लाकडी सामान विभाग' होता. लाकडी सामानात खुर्च्या होत्या, कपाटं होती, आणि दुकानाच्या पाटीवर 'जन्मापासून शेवटपर्यंत सर्व काही एका छताखाली' असं लिहिलं होतं, त्यातलं 'शेवट' तिथं बनत होतं.

एखादा नवा, तोंडाळ पोरगा विचारायचा, "मास्तर, हे कशाला? टोपीपासून बुटापर्यंत एकच कपडा शिवताय की काय?"

मास्तर खडू कानामागे ठेवून म्हणायचे, "एकच. पण घाई नाही."

यावर सगळे हसत. हा विनोद दुकानात तीस वर्षं चालला.

हे मला फाईलनं नाही, आत्यानं सांगितलं. माझी आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, ऐंशी वर्षांची आहे. तिनं त्या शिवणखात्यात एक्केचाळीस वर्षं काढली. तिची खोली अजून शिवणखात्यासारखीच आहे. खिडकीशी यंत्र, भिंतीला आकारानं लावलेल्या कात्र्या, बटणांचे डबे, आणि बसायला एकच खुर्ची, जिच्यावर ती स्वतः बसते. आलेल्यानं उभं राहायचं. माप द्यायला आल्यासारखं.

"किती पानांचं पुस्तक आहे?" तिनं विचारलं.

"शंभर वर्षं, शंभर पानं."

"मला त्यातली एक ओळ पाहिजे."

"दुकानावर लिहायचंय ते पुस्तक, आत्या. तुझं नाव शिवणखात्यात घालतोच आहे."

"नाव घाल नाहीतर नको घालूस. दुकानाच्या दारात पाटी आहे ती वाचलीस?"

वाचली होती. रोज शंभर माणसं वाचतात. पांढऱ्या दगडावर काळी अक्षरं, चार कोपऱ्यांत चार पितळी खिळे: 'खाणीच्या भीषण दुर्घटनेच्या दिवशी मोठ्या मालकांनी मृत कामगारांसाठी तेवीस पेट्या विनामूल्य करून दिल्या.'

"शेवटचा शब्द चुकलाय," आत्या म्हणाली.

"'दिल्या'?"

"करून दिल्या नाहीत. करून ठेवल्या होत्या."

बटणांच्या एका डब्यात तिनं बोटं घातली आणि तळातून एक पितळी बिल्ला काढून यंत्रावर ठेवला. दोनशे सतरा.

"हा कुणाचा?"

"माझ्या बापाच्या खिशातला. आणि माझ्या बापाचा नंबर होता एकशे अठ्ठेचाळीस. आता बस खाली जमिनीवर, शहाण्या, आणि लिहून घे."

ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. इथे थोडक्यात देतो, कारण तिनंही थोडक्यातच सांगितलं होतं.

माझ्या आजोबांना खाणीत 'शिडी' म्हणत. खाणीतला सगळ्यात उंच माणूस. सवा सहा फुटाला एक इंच कमी. सगळ्यात बुटका होता त्याला 'पावशेर' म्हणत. दोघं जोडीदार. गाव म्हणायचं, यांची बेरीज करून दोननं भागा, दोन धड माणसं मिळतील. दुकानाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका सोमवारी, पावशेराची पाळी पूर्वेकडच्या बोगद्यात होती आणि त्याची दाढ सुजली होती. शिडीला त्या दिवशी सुट्टी होती. तो म्हणाला, "तू घरी शेक घे. मी जातो." पाळी बदलायची म्हणजे नंबर बदलायचा असतो, म्हणून पावशेरानं आपला बिल्ला त्याच्या खिशात टाकला. सकाळी दहा वाजता पूर्वेकडचा बोगदा बसला. आत तेवीस माणसं होती.

एक वाजता दुकानाच्या दोन गाड्या खाणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यात तेवीस पेट्या.

"तू आठ वर्षांची होतीस," मी म्हणालो. इतिहासाच्या माणसाला असं म्हणावं लागतं.

"आठ वर्षांच्या पोरीला बापाचे गुडघे ओळखता येतात," आत्या म्हणाली. "पेटीत मावेना तो. पाय बाहेर. आई म्हणाली, दुसरी आणा. सुतार म्हणाला, दुसरी नाही, मोजून तेवीसच आहेत. खाणीचा व्यवस्थापक म्हणाला, संध्याकाळपर्यंत सगळं उरकायचंय. मग दोघांनी बाबांचे गुडघे दुमडले. तरी झाकण बसेना. एक जण वर बसला. मग खिळे मारले."

यंत्राचं चाक तिनं उगाच एकदा फिरवलं.

"आई एवढंच म्हणत होती, हे पाय दुमडून कधी झोपत नाहीत हो. हे पाय दुमडून कधी झोपत नाहीत."

"आणि पावशेर?"

"आला होता की. गालाला फडकं बांधून. झाकण बसायच्या आधी आत वाकून बघितलं त्यानं. फळीवर आतून खडूनं नंबर होता. दोनशे सतरा. ज्याला बोगद्यात असायला पाहिजे होतं त्याचा. आत होता त्याचा नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "अपघातानंतर पेटी करतात ना शहाण्या, तेव्हा मेलेल्याच्या मापाची करतात. पाळीच्या यादीवरून करत नाहीत."

हे कळल्यावर गावानं काय केलं? गावानं दुकानाच्या दोन काचा फोडल्या. दुकानानं आठ दिवसांत नव्या बसवल्या, आधीपेक्षा मोठ्या. तेवीस घरांना काळं कापड मोफत वाटलं. आणि पावशेराला नोकरी दिली. लिफ्ट चालवायची. बसायला उंच स्टूल, अंगात पितळी बटणांचा कोट, जन्मभराची. लिफ्टमध्ये त्यानं कधी तोंड उघडलं नाही, 'कितवा मजला?' एवढं सोडून. आत्या सोळाव्या वर्षी शिवणखात्यात लागली, कारण गावात बायकांना दुसरं काम नव्हतं. एक्केचाळीस वर्षं ती जिन्यानं गेली. लिफ्टमध्ये एकदाही पाय ठेवला नाही.

"त्याच्या निवृत्तीच्या दिवशी तो जिन्याशी आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, पोरी, तुझ्या बापाच्या जागी वरखाली करतोय मी, तीस वर्षं. मी म्हटलं, माझा बाप फक्त खाली गेला."

दुसऱ्या दिवशी मी तळघरातलं कपाट उघडलं. नवव्या मापाच्या वह्या ओळीनं लावलेल्या होत्या. मोठी दुकानं काही फेकत नाहीत. आपण काय केलं त्याची त्यांना लाज वाटत नसते, म्हणून इतिहासकारांचं पोट भरतं. अठ्ठाविसाव्या वर्षाची वही काढली. एकशे अठ्ठेचाळीस: चौऱ्याहत्तर इंच. समोर काही खूण नाही. दोनशे सतरा: एकसष्ट इंच. समोर लाल पेन्सिलीची बारीक खूण, आणि तारीख. मी एकेक पान उलटत लाल खुणा मोजल्या. तेवीस. सगळ्यांवर एकच तारीख. अपघाताच्या आधीचा गुरुवार.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार.

त्याचं कारण शोधायला फार खोल जावं लागलं नाही. खाणीचा व्यवस्थापक आणि मोठे मालक साडू होते. दर बुधवारी एकत्र जेवत. पूर्वेकडच्या बोगद्याचे लाकडी खांब तडकले होते आणि महिनाअखेर माल पोचवायचा होता, हे फाईलमधल्याच एका पत्रात आहे. 'थोडा धोका पत्करावा लागेल' असं व्यवस्थापकानं लिहिलं आहे. धोका कोण पत्करणार हे लिहिलेलं नाही, पण लाल पेन्सिलीनं नंबर आहेत. साडूनं जेवताना साडूला सांगितलं असेल. मोठे मालक व्यवहारी माणूस. लगेच दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

आणखी एक गोष्ट सापडली. दुकानाच्या अडतिसाव्या वर्षापासून वहीतलं अक्षर बदललं. बारीक, टाकेबंद, ओळखीचं अक्षर. आणि वर्षभरानंतरच्या एका पानापासून गावातल्या प्रत्येक खाणकामगाराची उंची चौऱ्याऐंशी इंच होती. सात फूट. नवा असो, जुना असो, सोळा वर्षांचा असो, वाकलेला असो. एकूण एक सात फूट. पेट्या बनवणं बंद झालं तोपर्यंत, चौदा वर्षं.

वहीला एक चिठ्ठी टाचलेली होती, दुकानाच्या त्या वेळच्या कार्यालयाची: 'दुकानाच्या किराण्यामुळे कामगारवर्गाच्या शरीरयष्टीत झालेली वाढ लक्षणीय आहे. जाहिरातीत वापरावे.'

मी आत्याला विचारलं.

"मास्तर ओरडून माप सांगायचे, मी लिहायची," ती म्हणाली. "पहिलं वर्ष खरं लिहिलं. मग एक दिवस मनात आलं, आपण काय लिहितोय. वही फाडता येत नव्हती. नोकरी सोडता येत नव्हती. लिहिणं थांबवता येत नव्हतं. मग सगळ्यांना सात फूट केलं. सुतार बोंबलायचा, लाकूड किती जातंय. पण त्यानंतर गावात कुणाचे गुडघे दुमडले नाहीत."

मी दोन रात्रीत ते प्रकरण लिहिलं. रागानं लिहिलेलं वाईट उतरतं असं मी मुलांना वर्गात सांगत आलो आहे. ते खोटं आहे. शेवटची ओळ होती: 'दुर्घटनेच्या चार दिवस आधीच मोठ्या मालकांनी तेवीस पेट्या करून ठेवल्या होत्या.'

धाकट्या मालकांनी ते माझ्यासमोरच वाचलं. दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आमच्या आजोबांनी माहीत असून माणसं खाणीत पाठवली, असं तुम्ही म्हणताय."

"माणसं त्यांच्या साडूंनी पाठवली. आजोबांनी फक्त पेट्या केल्या."

"मग आमचा काय दोष?"

हा प्रश्न त्यांनी अगदी निरागसपणे विचारला.

"चार दिवस होते, मालक. तेवीस पेट्या करायला चार दिवस लागतात. तेवीस माणसांना 'सोमवारी येऊ नका' म्हणायला मिनिट लागत नाही. नंबर होते त्यांच्याकडे. मापं होती. गळ्यापासून पँटपर्यंत सगळं माहीत होतं."

"ते आमचं क्षेत्र नव्हे, सर. आम्ही दुकानदार."

"तुमचं दुकान पहिल्या मजल्यावर माणसाला कपडे शिवत होतं आणि तळघरात त्याचीच वाट बघत होतं."

"सर, सर." जावईबापू मध्ये पडले. त्यांचे डोळे चमकत होते. मला वाटलं, लाजेनं. "बाबा, यात कहाणी आहे. हे काढायचं नाही."

धाकट्या मालकांनी चष्मा पुन्हा चढवला.

"नाही काढायचं," जावईबापू म्हणाले. "विश्वास ठेवा. सर, तुमची शेवटची ओळ तशीच छापतो. एक शब्द बदलत नाही. शब्द देतो."

त्यांनी शब्द पाळला. मी जन्मात इतका प्रामाणिक माणूस पाहिला नाही. पुस्तक आलं तेव्हा माझं प्रकरण सहा पानांवरून अर्ध्या पानावर आलं होतं. साडू गेला होता, तारीख गेली होती, गुडघे गेले होते, पावशेर गेला होता. ओळ मात्र शाबूत होती. एक्केचाळिसाव्या पानावर, चौकटीत, मोठ्या अक्षरांत. वर शीर्षक: 'दूरदृष्टी'. खाली:

'ग्राहकाची गरज त्याच्याआधी ओळखणे हे आमचे पहिल्यापासूनचे वैशिष्ट्य. दुर्घटनेच्या चार दिवस आधीच मोठ्या मालकांनी तेवीस पेट्या करून ठेवल्या होत्या.'

त्याखाली सात फुटांच्या कामगारांचा मजकूर आणि किराणा विभागाची जाहिरात.

पुस्तक आत्याला द्यायला जायला माझे पाय उचलत नव्हते. तिनंच निरोप पाठवला, "शहाण्याला म्हणावं, पळून कुठे जाशील." तिनं चौकट वाचली. बोटानं 'ठेवल्या होत्या'च्या खाली एकदा रेघ ओढल्यासारखं केलं.

"शब्द बरोबर आहे," ती म्हणाली.

"आत्या, मी उद्या वर्तमानपत्रात—"

"कुठल्या? ज्याच्या पहिल्या पानावर दुकानाची जाहिरात असते त्या?"

"मग काय करायचं?"

"समारंभाला जायचं. सत्कार आहे ना माझा. सर्वांत जुनी कर्मचारी." तिनं कपाटातून धुतलेलं नीट घडी केलेलं लुगडं काढलं. "आणि खडू घेऊन ये वर्गातून. माझ्याकडचा संपलाय."

समारंभ सकाळी अकराला, दुकानाच्या तळमजल्यावर. किराण्याची कपाटं मागे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. सगळं गाव होतं. पुढच्या दोन रांगांत खाणीचे अधिकारी, मागे खाण. लिफ्टच्या जाळीला फुलं बांधली होती, आणि जाळीशेजारी लहानशा चौथऱ्यावर पावशेराचं स्टूल ठेवलं होतं, खाली पाटी: 'तीस वर्षांची निष्ठा'.

भाषणं झाली. खेचर आलं. माणसं हसली. मग आत्याचं नाव पुकारलं. धाकट्या मालकांनी तिला चांदीच्या डबीतली टेप दिली, डबीवर दुकानाचं चिन्ह. फोटोवाला समोर आला. तेव्हा जावईबापूंना ती कल्पना सुचली. मी शपथेवर सांगतो, त्यांनाच सुचली.

"बाई, बाबांचं माप घेऊन दाखवा ना! जुन्या दिवसांसारखं. फोटो फार सुंदर येईल."

टाळ्या पडल्या. धाकटे मालक हसत पुढे झाले, हात थोडे बाजूला धरून, गिऱ्हाईक उभं राहतं तसे. आत्यानं डबीतून टेप काढली, गळ्याभोवती टाकली आणि तिचा आवाज एकदम चाळीस वर्षं मागे गेला. शिवणखात्याचा आवाज. भिंतीपर्यंत पोचणारा.

"गळा, साडेसोळा! खांदा, अठरा! छाती, बेचाळीस!"

लोक हसायला लागले. "कंबर सांगा, कंबर!" मागून कुणीतरी ओरडलं. आत्यानं कंबर सांगितली आणि एकच हशा उसळला. धाकटे मालकही हसत होते. बैठक झाली. पँटची लांबी झाली. आठ.

धाकटे मालक हात खाली घेऊन वळणार, तर आत्या म्हणाली, "थांबा."

मग माझ्याकडे न बघता, "शहाण्या, ते स्टूल आण."

मी चौथऱ्यावरून पावशेराचं स्टूल उचललं. कुणी अडवलं नाही; फोटोवाल्याला वाटलं, कार्यक्रमात आहे. ऐंशी वर्षांची माझी आत्या माझ्या खांद्यावर हात देऊन त्या स्टुलावर चढली. टेपचं एक टोक तिनं धाकट्या मालकांच्या टाळूवर ठेवलं आणि टेप सोडली.

पुढच्या दोन रांगा हसतच होत्या. मागचं हसणं बंद झालं. एकदम नाही. रांगेमागून रांग, जसजसं कळत गेलं तसं. मागच्या माणसांनी ते माप पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या बापांनी दिलेलं होतं. घराघरांत ते सांगितलेलं होतं. कुणीतरी टोपी काढली. कुणीतरी टोपी ओढली आणि मान खाली घातली.

"साठ," आत्या म्हणाली. "खूण कर."

मी धाकट्या मालकांच्या पायाशी बसलो. वर्गातल्या खडूनं त्यांच्या नव्या पँटवर, पोटरीच्या खाली, आडवी रेघ मारली. टेपचं टोक रेघेवर ठेवलं.

"बाई, हे कशाला?" धाकटे मालक हळूच म्हणाले. वरून त्यांना मागच्या रांगा दिसत होत्या. त्यांना माहीत होतं. एक्केचाळिसावं पान त्यांनीही वाचलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे गुडघे सैल पडले आणि ते थोडे वाकले, टेप टाचेपर्यंत पोचू नये म्हणून की पायांतलं त्राणच गेलं म्हणून, कुणास ठाऊक.

"ताठ उभे राहा," आत्या म्हणाली. "गुडघे दुमडू नका. आमच्याकडे एकाचेच दुमडले होते. त्याच्या पेटीवर तुमच्या दुकानाचा माणूस बसला होता."

ते ताठ उभे राहिले. मी टाचेपर्यंत मोजलं.

"सहा."

"सहासष्ट!" आत्या ओरडली, भिंतीपर्यंत. "लिही."

माझ्या हातात पुस्तक होतं. मी एक्केचाळिसावं पान उघडलं, चौकटीच्या खाली जागा होती तिथं लिहिलं. सभागृहात पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता.

"बाई," धाकटे मालक पुन्हा म्हणाले. आता त्यांचा आवाज विनवणीचा होता आणि त्यात बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच खरोखर धाकटेपण होतं. "नऊ मापांचं काय शिवणार आहात तुम्ही?"

आत्या स्टुलावरून उतरली. टेप दोन बोटांवर गुंडाळली, चांदीच्या डबीत घालून डबी त्यांच्या हातात परत दिली, आणि माझ्या हातातला खडू घेऊन कानामागे ठेवला.

"एकच कपडा, मालक," ती म्हणाली. "घाई नाही. करून ठेवू."